'सेफ'चे मराठी: 'सुरक्षित' कुठे चालतो, कुठे घात करतो

प्रश्न थोडक्यात असा. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी लिहिलेली एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करायची आहे. तीत 'सेफ' हे विशेषण तीसचाळीस वेळा आले आहे. शब्दकोश बघून तुम्ही सगळीकडे 'सुरक्षित' लिहिले आणि पुस्तिका काढणाऱ्या संस्थेच्या माणसाने मजकूर परत पाठवला: "चूक कुठलीच नाही, पण वाचून दाखवलं की लोक विचारतात, म्हणजे नेमकं करायचं काय?" आता तुम्हाला 'सेफ'साठी 'सुरक्षित'पेक्षा चांगला शब्द हवा आहे.

असा एक शब्द नाही, आणि शोधूही नका. 'निर्धोक' घातलात तरी मजकूर असाच परत येईल. अडचण शब्दाची नाही, त्या विशेषणाने काय काय पोटात ठेवले आहे त्याची आहे. धोका कोणाला, धोका कशाचा, आणि तो टळावा म्हणून कोणी काय करायचे, या तिन्ही गोष्टी इंग्रजी लेखक 'सेफ' म्हणून गिळून टाकतो. इंग्रजी वाचणारा त्या संदर्भाने भरून काढतो. मराठीत 'सुरक्षित' लिहिले की त्या भरून निघत नाहीत, कारण हा शब्द मुळातच एका बाजूला झुकलेला आहे.

सु-रक्षित, म्हणजे नीट राखलेला. 'रक्षित' हे कर्मणी रूप आहे. कोणीतरी राखले, कोणापासून तरी राखले. म्हणून 'दागिने सुरक्षित आहेत', 'गाव पुरापासून सुरक्षित आहे' ही वाक्ये सरळ बसतात. दागिन्यांना, गावाला धोका होता. तो आता नाही. इंग्रजी 'सेफ'चा उगम वेगळा. तो लॅटिन 'साल्वुस'वरून आला. त्याचा अर्थ धड, शाबूत, न मोडलेला, आणि आपल्या 'सर्व' या संस्कृत शब्दाशी त्याचे मूळ एकच आहे. त्यात राखणारा कोणी नव्हता, म्हणून तो दोन्ही अंगांनी पसरू शकला: ज्याला इजा होत नाही तोही 'सेफ', आणि ज्याच्यापासून इजा होत नाही तोही 'सेफ'. मूल सेफ, कात्रीही सेफ. मराठीत मूल सुरक्षित असते. 'सुरक्षित कात्री' म्हटले की ती कपाटात नीट ठेवली आहे असे वाटते. मुलाचे बोट कापणार नाही अशी कात्री म्हणजे बोथट टोकाची कात्री.

तुमच्या पुस्तिकेत यात आणखी एक भर पडते. शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. औषध मारणे, औषध फवारणे, औषधाचा पंप. आता 'हे औषध सुरक्षित आहे' हे वाक्य वाचा. एकाला वाटेल, डबा नीट ठेवला आहे. दुसऱ्याला वाटेल, अंगावर पडले तरी काही होत नाही. इंग्रजीत तिथे कदाचित 'सेफ ऑन कॉटन' एवढेच असेल, म्हणजे त्या तणनाशकाने पऱ्हाटी जळत नाही. माणसाचा त्या वाक्याशी काही संबंधच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा विषयावरच्या पुस्तिकेत हा गोंधळ शैलीचा दोष म्हणून सोडता येत नाही.

कायद्यानेही हा शब्द ओळखला आहे. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये लेबलवर 'सेफ', 'हार्मलेस', 'नॉन-पॉयझनस' असे अवाजवी दावे करायला मनाई आहे. सोबत 'सांगितल्याप्रमाणे वापरल्यास' अशी पुस्ती जोडली तरीही. तुमची पुस्तिका म्हणजे लेबल नव्हे, त्यामुळे तो नियम तिला जसाच्या तसा लागू होत नाही. पण मूळ इंग्रजीत 'सेफ व्हेन यूज्ड ॲज डायरेक्टेड' असे वाक्य असेल तर त्याचे भाषांतर करत बसू नका. संस्थेला कळवा की डब्यावर जे छापता येत नाही ते आपण पुस्तिकेत छापतो आहोत.

आता कामाची गोष्ट. 'सेफ' दिसला की आधी त्याच्या शेजारचा छोटा शब्द बघायचा: फ्रॉम, फॉर, टु की विथ. अर्ध्याहून जास्त वेळा तिथेच उत्तर मिळते.

'सेफ फ्रॉम' असेल तर धोका बाहेरून येतो आहे आणि 'सुरक्षित' बहुतेक वेळा चालतो. तरी साध्या मराठीत क्रियापद जास्त बोलके असते. 'गोदाम उंदरांपासून सुरक्षित असावे' यापेक्षा 'गोदामात उंदीर शिरता कामा नये' हे बरे.

'सेफ फॉर' असेल तर दिशा उलटते. 'सेफ फॉर बीज' म्हणजे मधमाश्यांना अपाय होत नाही. 'सुरक्षित मधमाश्या' किंवा 'मधमाश्यांसाठी सुरक्षित' लिहू नका. दुसरे व्याकरणात बसते, पण 'साठी' आला की मधमाश्यांच्या सोयीसाठी काहीतरी केले आहे असा वास येतो. 'सेफ फॉर चिल्ड्रन' तर इंग्रजीतही संशयास्पद आहे. खेळण्याच्या खोक्यावर त्याचा अर्थ एक, औषधाच्या झाकणावर दुसरा. झाकणाच्या बाबतीत म्हणायचे असते 'लहान मुलाला उघडता येत नाही', आणि तसेच लिहावे.

'सेफ टु' असेल तर पुढे क्रियापद येते, आणि इथे मराठीत विशेषणाची गरजच उरत नाही. 'सेफ टु ड्रिंक' म्हणजे पिण्यायोग्य. 'इज इट सेफ टु एंटर द फील्ड?' हे मराठी माणूस कसे विचारतो? 'आता शेतात गेलं तर चालेल का?' किंवा 'काही होणार नाही ना?' आपल्याकडे सेफ-अनसेफचा बहुतेक व्यवहार 'चालेल', 'हरकत नाही', 'भीती नाही', 'बाधत नाही' यांवर चालतो. 'बाधणे' हे क्रियापद तर फार कामाचे आहे. पाणी बाधते, औषध बाधते, ऊनसुद्धा बाधते. ज्याला बाधते त्याला 'ला' लागतो, त्यामुळे धोका कोणाला हे वाक्यातच येते. 'सुरक्षित' घेतला की ते हरवते. एक सांभाळा: 'चालेल' हा परवानगीचाही शब्द आहे. 'हातमोजे नसले तरी चालेल' असे कुठे चुकून गेले तर ते शब्दशः घेतले जाईल.

'सेफ विथ' सर्वांत फसवा. 'युअर सीक्रेट इज सेफ विथ मी' म्हणजे गोष्ट माझ्या पोटात राहील. 'मुले आजीकडे सेफ आहेत' म्हणजे आजीकडे असली की काळजी नको. पण 'इज द डॉग सेफ विथ चिल्ड्रन?' म्हणजे कुत्रा मुलांना काही करत नाही ना. तोच 'विथ', दिशा उलट. नियम एवढाच की इथे वाक्यातला दुबळा कोण ते बघायचे, कर्ता कोण ते बघायचे नाही.

शेजारी काहीच नसेल, नुसते 'सेफ डिस्टन्स', 'सेफ प्लेस', 'सेफ डिस्पोजल' असेल, तर तिथे भाषांतरकाराने शब्द नव्हे, माहिती शोधायची असते. लोक 'म्हणजे करायचं काय' विचारतात ते बहुधा याच जागांवर. 'सुरक्षित ठिकाणी ठेवा' वाचून माणूस डबा घरातल्या त्याच फळीवर ठेवतो जिथे तेल-मीठ असते, कारण त्याच्या लेखी घरात तीच जागा राखलेली आहे. म्हणायचे असते ते हे: 'कुलूपबंद ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही, धान्य आणि चारा यांच्याजवळ नसेल अशा जागी.' 'डिस्पोज सेफली'च्या जागी 'योग्य विल्हेवाट लावा' लिहिले तर एक अनाकलनीय शब्द काढून दुसरा घातला. रिकाम्या डब्याचे काय करायचे ते लिहा: तीन वेळा विसळायचा, विसळलेले पाणी पंपाच्या टाकीतच ओतायचे, मग डब्याला भोके पाडायची म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा रॉकेल भरणार नाही. हे मूळ पुस्तिकेत दुसऱ्या पानावर असेल तर उचलून इथे आणा. कुठेच नसेल तर शेतीतज्ज्ञाला विचारा. 'सेफ डिस्टन्स'लाही तेच. किती फूट, कोणी, कधी, हे विचारल्याशिवाय 'सुरक्षित अंतर' लिहू नये. अंतर ठरलेले नसेल तर निदान 'फवारणी चालू असताना पोरांना आणि गुरांना बांधावर येऊ देऊ नका' एवढे ठोस तरी असू द्या. (विदर्भासाठी असेल तर बांधाऐवजी 'धुरा' लिहा.)

'सेफ वेटिंग पीरियड'चे 'सुरक्षित प्रतीक्षा कालावधी' झालेले बऱ्याच ठिकाणी दिसते. कोण कोणाची प्रतीक्षा करतो आहे? शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. 'शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस भाजी तोडू नका.' दिवसांचा आकडा त्या त्या औषधाच्या लेबलवर आणि पिकानुसार असतो, म्हणून पुस्तिकेत एकच आकडा घालू नका. आणि हा काळ खाणाऱ्याच्या भल्यासाठी आहे. फवारलेल्या शेतात माणसाने परत कधी शिरायचे हा वेगळा हिशेब. दोन्हीकडे 'सेफ पीरियड' असेल तर मराठीत ते ठळकपणे वेगळे करा, नाहीतर 'सात दिवस' असा एखादा आकडा भलत्याच कामाला लावला जाईल.

आता नकार. 'अनसेफ'ला 'असुरक्षित' हे प्रतिबिंब वाटते, पण मराठीत 'असुरक्षित' म्हणजे ज्याला संरक्षण नाही असा. असुरक्षित वस्ती, असुरक्षित वाटणे. ज्याच्यापासून भीती आहे त्याला आपण 'धोकादायक' म्हणतो. मुंबई महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर यादी लावते ती धोकादायक इमारतींची. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. असुरक्षित इमारत म्हटले असते तर लोकांनी वॉचमन ठेवला असता. पाणी अनसेफ असेल तर ते दूषित किंवा पिण्यास अयोग्य. तिथे 'अस्वच्छ' घालू नका. नितळ दिसणारे पाणीही पिण्याजोगे नसू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जंतू आढळताच कामा नयेत, आणि ते काही डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या विहिरीवरून पंप भरायचा तिच्याबद्दल पुस्तिकेत काही असेल तर हा फरक सांभाळा.

तुलनेची रूपे तर आणखी घातक. 'सेफर' याचा अर्थ 'अधिक सुरक्षित' नव्हे. मराठीत 'अधिक सुरक्षित' म्हटले की पहिलेही सुरक्षित होतेच, दुसरे जरा जास्त, असे होते. विषांबद्दल बोलताना 'त्यातल्या त्यात कमी विषारी' असेच लिहावे. याचे जवळचे उदाहरण डब्यावरच असते. लेबलवर तिरपा उभा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सर्वांत विषारी: तोंडावाटे गेल्यास प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम. मग पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, आणि हिरवा ५००० च्या पुढे. सिग्नलच्या सवयीने हिरवा म्हणजे 'जा, काही होत नाही' असे वाचले जाते. इंग्रजी पुस्तिकेत हिरव्यासमोर 'सेफेस्ट' लिहिले असेल तर 'सर्वात सुरक्षित' हा अनुवाद शब्दाला शब्द बरोबर आणि अर्थाने चूक. 'चौघांत सर्वांत कमी विषारी. तरीही विषच' असे लिहा. हिरव्या त्रिकोणाच्या वरही 'कॉशन' म्हणजे 'सावधान' हाच शब्द असतो, 'सेफ' नाही.

'सेफ' आणि 'सिक्युअर' यांचा घोळ तुमच्या पुस्तिकेत फारसा येणार नाही, पण एक वाक्य सांगून ठेवते. 'सिक्युअर' लॅटिनमध्ये 'काळजीविना', म्हणजे जवळजवळ आपले 'निर्धास्त'. मराठीत सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्ही 'सुरक्षा'त गेल्या, त्यामुळे कारखान्यात अपघात टाळणारा आणि गेटवर चोर अडवणारा, दोघेही 'सुरक्षा अधिकारी'. फरक दाखवायचाच असेल तर 'अपघात-प्रतिबंध' आणि 'पहारा' असे साधे शब्द घ्यावेत.

जोडशब्दांत मागचा 'सेफ' बघून काही कळत नाही. 'मायक्रोवेव्ह-सेफ' भांडे म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये चालते, भांड्याला काही होत नाही. 'डॉल्फिन-सेफ' मासळी म्हणजे ती पकडताना डॉल्फिन मरत नाहीत. 'फेल-सेफ' म्हणजे कधी न बिघडणारे असे पुष्कळांना वाटते. खरे तर उलट. बिघाड होणारच हे धरून, झाला तर गाडे निरुपद्रवी बाजूला पडेल अशी रचना. रेल्वेच्या रुळांतून वाहणारा सिग्नलचा प्रवाह तार तुटून थांबला तर सिग्नल लाल होतो, हिरवा होत नाही. मराठीत 'बिघडले तरी धोका होणार नाही असे' ही लांबण पत्करावी.

धोक्याशी संबंध नसलेले 'सेफ' पटकन आटपू. 'इट इज सेफ टु से' म्हणजे 'असे म्हणायला हरकत नाही'. 'सेफ सीट' म्हणजे पक्षाची हमखास निवडून येणारी जागा. 'सुरक्षित जागा' लिहिले तर वाचणाऱ्याला राखीव जागा वाटेल. 'टु बी ऑन द सेफ साइड' म्हणजे 'खबरदारी म्हणून', बोलीत 'असू दे आपलं हाताशी'. 'सेफ ड्रायव्हर' म्हणजे जपून चालवणारा. 'हॅव अ सेफ जर्नी'ला 'सुरक्षित प्रवास होवो' असे हल्ली निरोपांत दिसते. आपण म्हणतो 'जपून जा' आणि पोहोचल्यावर 'सुखरूप पोहोचलो'. घाटातल्या पाट्यांवर 'वाहने सावकाश हाका' लिहिणाऱ्याने हे कधीच ओळखले होते.

तर 'सुरक्षित' कुठे ठेवायचा? जिथे तो रुळला आहे तिथे. सुरक्षित मातृत्व, सुरक्षित लैंगिक संबंध, असुरक्षित गर्भपात हे आता आरोग्य खात्याचे ठरलेले शब्द आहेत. त्यांना हात लावला तर वाचणाऱ्याला ती योजना किंवा सेवा ओळखू येणार नाही. लसीच्या संदर्भात 'सुरक्षित आणि परिणामकारक' हेही रुळले आहे. पुस्तिकेचे नाव 'कीटकनाशकांचा सुरक्षित वापर' ठेवायलाही माझी हरकत नाही. शीर्षकात मोघमपणा खपतो. सूचनेत खपत नाही. आणि बरेचसे वाचकावर अवलंबून आहे. हाच मजकूर कृषी खात्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी असेल तर 'प्रतीक्षा कालावधी' ठेवा, कारण परीक्षेत, परिपत्रकात त्यांना तोच भेटतो, आणि खाली एक ओळ उलगडा द्या. करारात किंवा परवान्यात तर संज्ञा अजिबात बदलू नये.

एक उतारा करून दाखवते. मूळ इंग्रजीचा आशय आणि तुमचे मराठी साधारण असे: 'फवारणीसाठी सुरक्षित वेळ निवडा. सुरक्षित कपडे वापरा. नोझल तुंबल्यास सुरक्षितपणे साफ करा. काम झाल्यावर सुरक्षित होईपर्यंत खाऊ-पिऊ नका.'

चार वाक्यांत चार 'सेफ', आणि चौघांचा अर्थ वेगळा. पहिल्यात वारा आणि ऊन, दुसऱ्यात अंग झाकणे, तिसऱ्यात तोंड न लावणे, चौथ्यात हात धुणे. म्हणून: 'सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना फवारा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, फवारा अंगावर येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, हातमोजे, चश्मा आणि मास्क घाला. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. पाण्यात धुऊन मऊ ब्रशने किंवा गवताच्या काडीने मोकळे करा. काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पाणी, तंबाखू, विडी यातले काहीही तोंडात घालू नका.' तंबाखू मुळात नव्हती. पण 'खाऊ-पिऊ नका'मध्ये मराठी माणूस तंबाखू धरत नाही, म्हणून ती घालावी लागते आणि समासात संस्थेसाठी तशी टीप ठेवावी लागते. शब्द मुळापेक्षा तिप्पट झाले. पुस्तिकेची पाने वाढतील हे संस्थेला आधीच सांगा, नाहीतर शेवटी मांडणी करणारा तुमचीच वाक्ये छाटेल, आणि छाटताना नेमके 'सुरक्षित' परत आणेल.

तपासायला एक सोपी रीत आहे. मजकूर फवारणी करणाऱ्या दोघातिघांना वाचून दाखवा, पण 'समजलं का' असे विचारू नका. हो असेच उत्तर येते. 'आता तुम्ही काय कराल, करून दाखवा' असे म्हणा. डबा कुठे ठेवाल, नोझल कसे साफ कराल. जिथे हात थबकतो तिथे बहुधा एखादे विशेषण राहून गेलेले असते. त्यासोबत दुसऱ्या कोणाकडून, मूळ न दाखवता, तुमच्या मराठीचे उलट इंग्रजी करून घ्या. औषध-चाचण्यांच्या संमतीपत्रांसाठी हेच करतात. 'सेफ'च्या जागी परत येताना 'प्रोटेक्टेड' किंवा 'वेल-केप्ट' आले तर ती जागा दुरुस्त करायची.

चाळीस जागा एका बैठकीत होणार नाहीत. तणनाशक आणि पऱ्हाटीच्या वाक्यापासून, मग 'सुरक्षित ठिकाणी ठेवा'पासून सुरुवात करा. प्रस्तावनेतले आणि शीर्षकातले 'सुरक्षित' शेवटी बघितले तरी चालतील.